रात्रीची तपासणी सकाळपर्यंत का संपत नाही? डेटाबेस इंटिग्रिटी चेक आणि डिस्कचा वेग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या सोसायट्या, दवाखाने, साखर कारखाने आणि उद्यमबागेतली युनिट्स इथं सर्व्हर सांभाळणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. तपासणी म्हणजे इथं डेटाबेस इंटिग्रिटी चेक: साठवलेला डेटा कुठं खराब तर झाला नाही ना, हे पाहणं. बहुतेकांकडे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आहे, म्हणून उत्तरं त्यालाच धरून आहेत. बाकीच्यांनी प्रश्न १४ पाहावा. स्क्रीनवर आत्ता लाल अक्षरांत एरर दिसत असेल तर सरळ प्रश्न १० वर जा, आणि तो वाचून होईपर्यंत सर्व्हर रीस्टार्ट करू नका.

१. बॅकअप रोज होतो, मग ही तपासणी वेगळी कशाला?

एसक्यूएल सर्व्हर सगळा डेटा ८ केबीच्या पानांत ठेवतो. डीबीसीसी चेकडीबी ही आज्ञा वापरातलं प्रत्येक पान वाचते. पानावरचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो का, पान ज्या टेबलाचं म्हणून नोंदलं आहे त्याचंच आहे का, इंडेक्समधली (ओळ पटकन शोधायच्या सूचीतली) नोंद आणि टेबलातली ओळ एकमेकींशी जुळतात का, हे सगळं ती तपासते.

साधा बॅकअप यातलं काही करत नाही. चेकसम पर्याय न लावलेला साधा बॅकअप खराब पानही जसंच्या तसं उचलतो आणि 'यशस्वी' म्हणून सांगतो. समजा तुम्ही पंधरा दिवसांचे बॅकअप ठेवता आणि पान महिन्यापूर्वी खराब झालंय. म्हणजे तुमच्याकडच्या प्रत्येक बॅकअपमध्ये ते खराबच आहे. कळतं कधी? ज्या ठेवीची ओळ त्या पानावर आहे तो ठेवीदार पावती घेऊन काउंटरवर उभा राहतो तेव्हा. तपासणी हवी ती यासाठी.

२. आमचा डेटाबेस ४० जीबी आहे. किती वेळ लागणं बरोबर?

आधी थोडा हिशेब करू. ४० जीबी म्हणजे सुमारे ५२ लाख पानं. ७२०० फेऱ्यांची साधी हार्ड डिस्क ओळीनं वाचत गेली तर सेकंदाला १५० एमबीच्या आसपास देते, म्हणजे साडेचार मिनिटांत सगळं वाचून होतं. तीच डिस्क एकेक पान विखुरलेल्या जागेवरून वाचायला लागली तर सेकंदाला जेमतेम शंभर पानं होतात, आणि त्याच ४० जीबीला साडेचौदा तास लागतात. डिस्क तीच, डेटा तोच. पिग्मी एजंटानं शहापूरची एक गल्ली ओळीनं केली तर अर्ध्या तासात होते. एक घर शहापूरला, दुसरं हिंदवाडीला, परत शहापूरला, असं केलं तर दिवस जातो.

चेकडीबी शक्यतो पानं डिस्कवर ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं मागते, म्हणून ती पहिल्या आकड्याच्या जवळ राहायचा प्रयत्न करते. त्यात प्रोसेसरचं काम आणि टेम्पडीबी या तात्पुरत्या डेटाबेसमधली क्रमवारी वाढते. त्यामुळे मोकळ्या, निरोगी डिस्कवर ४० जीबीला अर्धा-पाऊण तास लागला तर काळजीचं कारण नाही. शेजारच्या सोसायटीच्या वेळेशी तुलना करू नका, स्वतःच्या मागच्या वेळेशी करा. ती शोधायची कशी, ते पुढच्या उत्तरात.

३. पूर्वी ४० मिनिटांत व्हायचं, आता चार तास लागतात. डेटा तर जवळपास तेवढाच आहे. सुरुवात कुठून करू?

आठवणीवर जाऊ नका, नोंद काढा. प्रत्येक पूर्ण चेकडीबीनंतर एसक्यूएल सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये एक ओळ पडते: किती एरर सापडल्या आणि किती तास, मिनिटं, सेकंद लागले. या ओळी तारखेसह एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. वेळ हळूहळू वाढत गेलाय की एका ठरावीक रात्री उडी मारलीय, यावर पुढचा सगळा शोध ठरतो.

आपल्याकडे एक अडचण हमखास असते. बऱ्याच कार्यालयांत संध्याकाळी कुलूप लावताना सर्व्हरही बंद करतात. दर वेळी सेवा सुरू झाली की नवा एरर लॉग उघडतो, आणि मूळ सेटिंगनुसार जुने फक्त सहा राहतात. म्हणजे आठवड्याभरात इतिहास पुसला जातो. ही संख्या मॅनेजमेंट स्टुडिओतून वाढवता येते, आजच वाढवून ठेवा.

एका रात्रीत उडी असेल तर त्या दिवशी काय बदललं ते विचारा. नवा अँटिव्हायरस, बॅकअपची बदललेली वेळ, क्लाउडवर फाइल चढवणारं एखादं सॉफ्टवेअर, रेडमधली, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक डिस्कमधली, गेलेली डिस्क. मी बघितलेल्या प्रकरणांत निम्म्याहून जास्त वेळा दोन कामं एकाच वेळी एकाच डिस्कवर लागलेली असतात. बॅकअप आणि तपासणी एकमेकांत घुसली की डिस्कचं हेड दोन जागांमध्ये धावत राहतं आणि दोन्ही कामं रडतखडत चालतात. अँटिव्हायरसला एमडीएफ, एनडीएफ, एलडीएफ (डेटाबेसच्या) आणि बीएके (बॅकअपच्या) फाइली वगळायला सांगा.

वेळ महिन्यामहिन्यानं वाढत गेला असेल तर डिस्कच्या प्रकृतीकडे वळा (प्रश्न ५ ते ८).

तिसरी शक्यता लोकांच्या ध्यानात येत नाही. टेबल आणि इंडेक्स जुळत नाहीत असं चेकडीबीला आढळलं, तर नेमकी कुठली ओळ चुकीची आहे हे शोधायला ती पुन्हा खोलात जाते आणि वेळ कितीतरी पटींनी वाढतो. तसं झाल्याची सूचना एरर लॉगमध्ये पडते. म्हणून नेहमीपेक्षा लांबलेली तपासणी कंटाळून मध्येच मारू नका, ती तुम्हाला काहीतरी सांगायच्या तयारीत असू शकते.

४. काम चालू आहे की अडकलंय, हे कसं ओळखायचं?

एसवायएस डॉट डीएम एग्झेक रिक्वेस्ट्स या दृश्यात (सर्व्हरच्या व्ह्यूमध्ये) पर्सेंट कम्प्लीट नावाचा रकाना आहे, तो पाहा. टक्केवारी सरळ रेषेत वाढत नाही, एखाद्या मोठ्या टेबलावर बराच वेळ एकाच आकड्यावर थांबते. म्हणून त्याच ओळीतला रीड्सचा आकडा आणि वेट टाइपही पाहा, आणि दहा मिनिटांनी परत पाहा. रीड्स वाढताहेत म्हणजे काम चाललंय. वेट टाइपमध्ये सतत पेजआयओलॅच दिसत असेल तर पान डिस्कवरून येण्याची वाट बघणं चाललंय, म्हणजे पुढचा प्रश्न वाचा.

५. डिस्कच स्लो आहे हे पुराव्यानिशी कसं दाखवू? चेअरमनसाहेब म्हणतात, दोन वर्षांपूर्वीच तर नवीन घेतली.

साहेबांचा प्रश्न रास्त आहे. सभासदांचा पैसा आहे, मोजल्याशिवाय खर्च करू नये.

एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक फाइलसाठी दोन आकडे ठेवतो: किती वेळा वाचलं, आणि त्यासाठी एकूण किती मिलिसेकंद थांबावं लागलं. ते एसवायएस डॉट डीएम आयओ व्हर्च्युअल फाइल स्टॅट्स इथं मिळतात. हे आकडे सेवा सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात, त्यामुळे एकदाच बघून सरासरी काढली तर दिवसभराच्या निवांत वेळात वाईट तास लपून जातो. तपासणी चालू असताना एकदा उतरवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा उतरवा, आणि वजाबाकी करा. समजा त्या पंधरा मिनिटांत वाचनं १८,००० नी वाढली आणि थांबण्याचा वेळ ९,००,००० मिलिसेकंदांनी. भागाकार केला की एका वाचनाला ५० मिलिसेकंद. हा आकडा वाईट आहे.

मी साधारण अशी पट्टी लावतो: १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर झकास, १५-२० च्या पुढे सतत असेल तर शोध सुरू करायचा, ५० च्या पुढे असेल तर काउंटरवरच्या माणसालाही ते जाणवत असणार. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरीच ८.३ मिलिसेकंदांची असते, तेव्हा तिच्याकडून १ मिलिसेकंदाची अपेक्षा करू नका. एसएसडीवर मात्र १५ सुद्धा जास्तच.

पडताळणीसाठी विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये 'ॲव्हरेज डिस्क सेकंद पर रीड' आणि 'पर राइट' हे काउंटर लावा. तिथं आकडा सेकंदांत येतो, ०.०५० म्हणजे ५० मिलिसेकंद. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर दोष डिस्कच्या किंवा तिच्या वाटेच्या (केबल, कंट्रोलर) बाजूला आहे. विंडोज ठीक सांगतंय आणि एसक्यूएल सर्व्हरच तक्रार करतोय, असं असेल तर मधल्या एखाद्या सॉफ्टवेअरवर, बहुधा अँटिव्हायरसवर, संशय घ्या. हा कागद छापून संचालक मंडळाच्या सभेत ठेवा, बोलून पटवण्यापेक्षा लवकर पटतं.

६. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००% दिसते. म्हणजे डिस्क गेली का?

नाही. १००% म्हणजे त्या वेळात डिस्ककडे सतत काही ना काही काम होतं, एवढंच. तपासणी चालू असताना ते तसंच दिसणार. त्याच पानावर खाली सरासरी प्रतिसाद वेळ असतो, तो महत्त्वाचा. १००% आणि ५ मिलिसेकंद म्हणजे डिस्क जोमानं काम करतेय. १००% आणि ४०० मिलिसेकंद, आणि वेग सेकंदाला दोन एमबी, असं दिसलं तर मात्र आधी ताजा बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या आणि मग पुढचा प्रश्न वाचा.

७. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत) 'गुड' येतं. मग निश्चिंत राहू?

'गुड' या शब्दावर थांबू नका, खालचे आकडे वाचा. क्रमांक ५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यानं प्रलंबित ठेवलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. १९७ शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर ती डिस्क डेटाबेससाठी संपली असं धरा. असा सेक्टर आला की डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ सगळी रांग खोळंबते. तपासणी मंदावण्याचं हे अगदी ठळक कारण. रोजच्या कामात त्या जागेला कुणी हात लावत नाही, तपासणी मात्र प्रत्येक पानापर्यंत जाते, म्हणून दिवसा सगळं छान आणि रात्री अडकतं.

क्रमांक १९९ वेगळा आहे. तो केबलवरच्या चुका मोजतो. तो वाढत असेल तर आधी साटा केबल बदला, नवीन डिस्कचा खर्च वाचेल. फाउंड्रीत लोखंडाची बारीक धूळ आणि कंप, आणि खानापूरकडे पावसाळ्यातली ओल, यानं कनेक्टर खराब होतात, म्हणून आपल्या भागात हा आकडा आवर्जून पाहावा. पुसून न जाणारा आकडा आहे तो, केबल बदलल्यावर शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

स्मार्ट रिपोर्ट दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये मूळ आकडे सोळाच्या पटीतल्या पद्धतीनं दिसतात, '१०' दिसलं तर ते सोळा असतात. सेटिंगमधून दशमान करून घ्या. रेड कंट्रोलरमागच्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट बऱ्याचदा असा थेट दिसत नाही, तिथं कंट्रोलरचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं.

८. लॉगमध्ये ८२३, ८२४, ८२५, ८३३ असे नंबर दिसतात. कुठल्यानं घाबरायचं?

८३३ म्हणजे एखादं वाचन किंवा लेखन १५ सेकंदांपेक्षा जास्त अडलं. पंधरा मिलिसेकंद नव्हे, सेकंद. डेटा अजून शाबूत आहे, पण डिस्क किंवा तिची वाट आजारी आहे.

८२५ म्हणजे पान पहिल्यांदा नीट वाचता आलं नाही, पुन्हा प्रयत्न केल्यावर आलं. काम झालं म्हणून लोक सोडून देतात, कारण त्याची तीव्रता फक्त १० नोंदवली जाते आणि ते एररच्या नेहमीच्या अलर्टमध्ये येत नाही. माझ्या मते चारांत सर्वांत मोलाचा नंबर हाच. यानंतर लवकरच ८२३ किंवा ८२४ येऊ शकतो. त्यासाठी वेगळा अलर्ट लावून ठेवा.

८२३ म्हणजे विंडोजलाच वाचता आलं नाही. ८२४ म्हणजे वाचता आलं पण आतला मजकूर चुकीचा, बहुतेक वेळा चेकसम जुळत नाही. दोन्हींत प्रश्न १० प्रमाणे चाला.

९. रेड आहे, एसएसडीही टाकून बघितली, तरी लेखन मंदच. असं का?

रेड असेल तर आधी कंट्रोलरची बॅटरी पाहा. बॅटरी चांगली असते तोवर कंट्रोलर लेखन स्वतःच्या मेमरीत घेऊन लगेच 'झालं' म्हणतो. बॅटरी मेली किंवा तिची स्वतःची चाचणी चालू असली की तो हा धोका पत्करत नाही, प्रत्येक लेखन डिस्कपर्यंत पोचल्यावरच होकार देतो. त्याचं बरोबरच आहे, पण वेग धाडकन पडतो. बॅटरी बदला. 'बॅटरी नसली तरी कॅश चालू ठेवा' हा पर्याय कुणी सुचवला तर ऐकू नका, लाइट गेली की तेवढी लेखनं हवेत जातात. दुसरं म्हणजे रेड ५ मधली एक डिस्क गेलेली असताना तिच्यावरचं प्रत्येक पान उरलेल्या सगळ्या डिस्क वाचून तयार करावं लागतं. तुम्हाला डेटा दिसतो म्हणून बिघाड लक्षात येत नाही. रॅकमागचा लाल दिवा आठवड्यातून एकदा डोळ्यांनी बघा.

स्वस्त एसएसडीचं वेगळं. थोडा भाग वेगवान कॅश म्हणून वापरतात, सलग मोठं लेखन आलं की तो भरतो आणि वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. डिस्क जवळपास भरलेली असेल तर आणखी लवकर. वीज गेल्यावर हातातलं लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर घरगुती एसएसडीत नसतात, म्हणून डेटाबेसला सर्व्हरसाठी बनवलेलीच घ्यावी. हार्ड डिस्क घेताना एसएमआर प्रकारची (जिच्यात माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात) टाळा, विखुरलेल्या लेखनात ती फार मागे पडते.

१०. तपासणीत एरर आली. व्हेंडर म्हणतो रिपेअर मारूया. मारू का?

थांबा. रिपेअर अलाउ डेटा लॉस या पर्यायाचं नावच काय होणार ते सांगतं: जुळवता न येणारं पान तो काढून टाकतो, त्यावरच्या ओळींसकट. तपासणीच्या शेवटी 'किमान रिपेअर पातळी' म्हणून जी ओळ येते, ती सल्ला नाही. एवढ्याखालचं रिपेअर चालणार नाही, इतकाच तिचा अर्थ.

पूर्ण आउटपुट फाइलमध्ये जपा. डेटाबेस डिटॅच करू नका, बिघडलेला डेटाबेस परत जोडला जाईलच असं नाही. आहे त्या स्थितीतला बॅकअप एरर आली तरी पुढे जाण्याच्या पर्यायासह वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि जुने बॅकअप पुसले जाणार नाहीत याची व्यवस्था करा.

मग एररमधला इंडेक्स आयडी वाचा. सगळ्या एररमध्ये तो १ पेक्षा मोठा असेल तर मूळ डेटा शाबूत आहे, ते नॉनक्लस्टर्ड इंडेक्स (टेबलापासून वेगळ्या ठेवलेल्या सूची) काढून पुन्हा बनवले की बहुधा भागतं. ० किंवा १ असेल तर खुद्द टेबलातलं पान गेलंय. तेव्हा चांगला बॅकअप शोधा, दुसऱ्या मशीनवर रीस्टोअर करा, तिथं तपासणी चालवा. रिकव्हरी मॉडेल (व्यवहारांची नोंद किती जपायची याचं सेटिंग) फुल असेल आणि लॉग बॅकअपांची साखळी अखंड असेल तर तेवढंच पान परत आणता येतं, एकही व्यवहार न गमावता. रिपेअर सगळ्यात शेवटी, तेही प्रतीवर चालवून काय जातं ते पाहिल्यावरच.

आणि कारण शोधल्याशिवाय त्याच डिस्कवर रीस्टोअर करू नका.

११. संध्याकाळी पिग्मीची जमा आणि दिवसअखेर चालू असताना तपासणी लागली तर चालेल?

डेटाला धोका नाही. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून चेकडीबी आतल्या आत एक स्नॅपशॉट (डेटाबेसचं त्या क्षणाचं स्थिर चित्र) घेते आणि त्यावर काम करते, त्यामुळे व्यवहार अडत नाहीत. पण तपासणी चालू असताना जितकी पानं बदलतील त्यांची जुनी प्रत त्याच ड्राइव्हवर साठत जाते. ड्राइव्ह भरला तर तपासणी एरर देऊन थांबते, मूळ डेटाबेस तसाच राहतो. शिवाय डिस्कवर गर्दी होऊन एजंटांची रांग लांबते. दिवसअखेर, मग बॅकअप, मग तपासणी, असा क्रम लावा, मध्ये मोकळा वेळ ठेवून. एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सप्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी कामं चालवणारी एसक्यूएल सर्व्हर एजंट ही सेवा नसते, तिथं विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी ही आज्ञा चालवा. मार्च एंडच्या आठवड्यात वेळापत्रक हातानं तपासा, दिवसअखेर तेव्हा मध्यरात्रीपर्यंत लांबते.

१२. रात्रीत पूर्ण तपासणी बसतच नाही. छोटी तपासणी चालेल का?

फिजिकल ओन्ली पर्याय लावा. पानांचे चेकसम आणि मूळ रचना तो तपासतो, इंडेक्स आणि टेबलाची ताळमेळ सोडतो, आणि पूर्ण तपासणीपेक्षा खूप लवकर संपतो. डिस्कनं केलेलं बहुतेक नुकसान त्यात पकडलं जातं. रोज रात्री हा आणि रविवारी पूर्ण, अशी वाटणी बहुतेकांना पुरते. याहून चांगलं म्हणजे बॅकअप दुसऱ्या मशीनवर रीस्टोअर करून तिथं पूर्ण तपासणी करणं, बॅकअप खरंच उघडतो हेही त्यातच सिद्ध होतं.

जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन स्टँडर्ड किंवा एक्सप्रेस आवृत्तीत फायदा होणार नाही. ही तपासणी अनेक कोअरवर वाटण्याची सोय एंटरप्राइजमध्ये आहे. टेम्पडीबीला किती जागा लागेल याचा अंदाज एस्टिमेट ओन्ली पर्याय देतो.

१३. तपासणी शून्य एरर सांगते. तरी ताळेबंद जुळत नाही, आणि काही खातेदारांची कन्नड नावं प्रश्नचिन्हांसारखी दिसतात.

दोन्ही गोष्टी या तपासणीच्या कक्षेबाहेरच्या. ती रचना बघते, अर्थ नाही. एकाच नोंदीची रक्कम दोनदा पडली तर पान निरोगीच असतं. ती बाब सॉफ्टवेअरची किंवा नोंद करणाऱ्याची.

नावांचं म्हणाल तर युनिकोड मजकूर व्हारकॅर प्रकारच्या (युनिकोडसाठी नसलेल्या) रकान्यात गेला की न मावणाऱ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्ह कायमचं बसतं. रकाना एनव्हारकॅर (युनिकोडसाठीचा) करून नाव पुन्हा टाइप करावं लागतं. प्रश्नचिन्हांऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल तर मात्र आशा आहे. जुन्या नुडी किंवा श्रीलिपीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर असण्याची शक्यता आहे, तो कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणता येतो. कन्नड आणि मराठी नावं वेगवेगळ्या फाँटमधली असतात, दोन्हींना एकच कन्व्हर्टर लावू नका.

१४. आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर नाही. आम्ही काय चालवू?

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आवृत्ती १४ पासून पीजी-ॲमचेक, मायएसक्यूएलमध्ये चेक टेबल. एसक्यूलाइटमध्ये प्राग्मा इंटिग्रिटी चेक, आणि घाई असेल तर क्विक चेक, जो इंडेक्स टेबलाशी जुळतो का हे सोडून देतो. लिनक्सवर डिस्कचा प्रतिसाद वेळ आयओस्टॅटच्या अवेट रकान्यांत दिसतो. तोही मिलिसेकंदांत, म्हणून प्रश्न ५ मधलीच पट्टी लावा.

१५. काल एरर आली, आज तीच तपासणी स्वच्छ. आपोआप बरं झालं का?

एक कमी वाईट शक्यता आहे: मधल्या वेळात इंडेक्स पुन्हा बांधला गेला, खराब पान वापरातून सुटलं, आणि तपासणी फक्त वापरातली पानं वाचते. ती डिस्कवरची जागा अजून खराब असू शकते, उद्या दुसऱ्या टेबलाला मिळेल.

दुसरी शक्यता जास्त वाईट. पान डिस्कवर चांगलं आहे, पण वाटेत, म्हणजे रॅम, कंट्रोलर किंवा केबलमध्ये, कधी कधी बिघडतं. साध्या पीसीला सर्व्हर बनवलेल्या ठिकाणी हे जास्त होतं, कारण त्यात चूक सुधारणारी ईसीसी मेमरी नसते. एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमधलं सस्पेक्ट पेजेस (संशयित पानांचं) टेबल उघडा. दर वेळी तेच पान नोंदलं जात असेल तर डिस्कवर संशय, वेगवेगळी पानं येत असतील तर वाटेवर. मग एका सुट्टीच्या दिवशी रात्रभर मेमरी टेस्ट लावा, केबल बदला, कंट्रोलरचं फर्मवेअर तपासा, आणि पुढचे काही आठवडे पूर्ण तपासणी रोज ठेवा, दिवसअखेरेला थोडा उशीर झाला तरी.